मोक्याची जागा

शर्यतीच्या गाडीला पंख असतो, पण तो उडण्यासाठी नसतो. उडू नये म्हणून असतो. विमानाचा पंख उलटा बसवला की जी हवा विमानाला वर उचलते तीच हवा गाडीला रस्त्यावर दाबते. एवढे आठवीच्या मुलालाही पाच मिनिटांत समजते. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हा पंख गाडीवर नेमका कुठे बसवायचा? या प्रश्नावर अभियंते अडखळले, आयोजक रागावले, चालकांची हाडे मोडली आणि नियमांची पुस्तके नव्याने लिहावी लागली. आणि गाडी जर हॅचबॅक असेल, म्हणजे छत संपले की मागची काच आणि दार सरळ खाली उतरणारी, डिक्कीचा वेगळा डबा नसलेली, तर हा प्रश्न आणखी बिकट होतो.

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे मला या विषयात आधी एक शब्द दिसतो. मराठीत आपण ‘मोक्याची जागा’ म्हणतो. हा मोका म्हणजे उर्दूतला मौक़ा, आणि त्याचे मूळ अरबीत. ज्या धातूपासून ‘वाक़िआ’, म्हणजे घडलेली गोष्ट, हा शब्द आला त्याच धातूपासून हाही आला आहे. त्या धातूचा अर्थ पडणे, घडणे. म्हणजे मौक़ा ही मुळात एखादी गोष्ट जिथे पडते, घडते ती जागा. उर्दूत आणि मराठीत येता येता तिचा अर्थ ‘संधी’ झाला, पण ‘मोक्याची जागा’ म्हणताना जुना अर्थ अजून जिवंत असतो. गाडीच्या पंखाचा सारा इतिहास हा अशा जागेच्या शोधाचा इतिहास आहे. पंख कसा असावा हे विमानवाल्यांनी आधीच शोधून ठेवले होते. तो कुठे असावा हे मात्र गाडीवाल्यांना स्वतः शोधावे लागले.

विसरलेली शेपटी

आपल्या लोकांच्या मोबाइलवर अधूनमधून एक संदेश फिरतो: विमानाचा शोध राइट बंधूंनी नव्हे, अब्बास इब्न फिरनासने लावला. संदेश वाचून छाती फुगते आणि तो पुढे पाठवला जातो. मला त्या संदेशात नेहमी एक गोष्ट गाळलेली दिसते, आणि माझ्या मते तीच त्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

इब्न फिरनास हा नवव्या शतकातला अंदलुसचा विद्वान. कुर्तुब्याच्या दरबारात त्याची ऊठबस होती. तो कवी होता, काच बनवण्याचे हुनर त्याला अवगत होते, आकाशातल्या तारकांचा देखावा त्याने घरात उभा केला होता. सन ८८७ मध्ये तो वारला. त्याच्या उड्डाणाचे सविस्तर वर्णन अल-मक्करी या इतिहासकाराने लिहिले आहे, आणि अल-मक्करीचा मृत्यू १६३२ चा. म्हणजे मधे सात शतकांहून जास्त काळ गेला. अल-मक्करीने जुन्या लेखकांच्या आधारे लिहिले, आणि इब्न फिरनासच्याच काळातल्या एका कवीच्या ओळीत या उड्डाणाचा उल्लेख येतो. तेव्हा ही गोष्ट निव्वळ कल्पित म्हणून झटकून टाकता येत नाही. पण विमानाचा शोध लागला असेही तिच्यावरून म्हणता येत नाही.

कथा अशी: त्याने अंगाला पिसे लावली, दोन पंख बांधले, उंचावरून उडी घेतली, बरेच अंतर तो हवेत राहिला आणि उतरताना पाठीवर जोरात आपटला. का आपटला, याचे कारणही अल-मक्करीने दिले आहे. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात. इब्न फिरनासने पंख केले, पण शेपटी केली नाही.

यातली विलक्षण गोष्ट पुढे आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या माल्म्सबरीच्या मठातल्या ईल्मर नावाच्या साधूनेही पंख बांधून मनोऱ्यावरून उडी घेतली. त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याची हकीकत विल्यम नावाच्या त्याच मठातल्या इतिहासकाराने बाराव्या शतकात लिहिली, आणि ईल्मर स्वतः काय कारण सांगत असे तेही नोंदवले: मी मागे शेपटी लावायला विसरलो. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. एक कुर्तुब्यात, एक इंग्लंडात. आणि दोघांच्या अपघाताचे निदान एकच.

बाणाची पिसेही मागेच असतात. ती पुढे लावली तर बाण हवेत गिरकी घेईल. मागे असलेली पिसे हवेत ओढली जातात आणि टोकाला सरळ ठेवतात. शर्यतीच्या गाडीचा मागचा पंख दोन कामे करतो. एक, तो टायर रस्त्यावर दाबतो. दुसरे, तो गाडीची शेपटी होतो. इब्न फिरनासकडून जे राहून गेले ते हे दुसरे काम.

बाजूला, मध्ये, मागे

गाडीला पंख लावण्याचा एक गाजलेला प्रयोग १९२८ चा. फ्रिट्झ फॉन ओपेल याने बर्लिनच्या आव्हुस रस्त्यावर रॉकेट बसवलेली गाडी ताशी २३८ किलोमीटर वेगाने पळवली. तिच्या दोन्ही बाजूंना आखूड पंख होते, गाडीचे नाक उचलले जाऊ नये म्हणून. पंखाची जागा: बाजूला.

त्यानंतर १९५६. मिकाएल माय हा तरुण स्विस अभियंता आपल्या चुलतभावासोबत जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या हजार किलोमीटर शर्यतीसाठी एक पोर्शे ५५० घेऊन आला. गाडीच्या वर, चालकाच्या डोक्यावर, त्याने एक भलामोठा उलटा पंख उभा केला होता. त्याचा कल चालकाला बदलता येत असे. पंखाची जागा: मध्ये, गाडीच्या वजनाचा मध्य जिथे होता त्याच्या जवळ. विचार चुकीचा नव्हता. दाब पुढच्या-मागच्या चाकांवर सारखा वाटला जावा असा त्याचा हेतू होता. सरावात ही खासगी गाडी खुद्द पोर्शे कंपनीच्या गाड्यांपेक्षा वेगात निघाली. मग तक्रार झाली, मागच्या चालकांना समोरचे दिसत नाही असे कारण निघाले, आणि आयोजकांनी पंख काढायला लावला. पुढे माय इंजिनांच्या कामात नावारूपाला आला. त्याची कल्पना मात्र दहा वर्षे कोनाड्यात पडून राहिली.

ती कल्पना पुन्हा उचलली अमेरिकेतल्या टेक्सासच्या जिम हॉलने. १९६६ च्या त्याच्या ‘शॅपराल २ई’ या गाडीचा पंख मागे होता, दोन उंच दांड्यांवर. पंख उंच ठेवायचे कारण सरळ होते: गाडीच्या अंगावरून घसटत आलेली हवा गढूळ असते; वरची हवा स्वच्छ. दुसरी गोष्ट जास्त हुशारीची. या दांड्या गाडीच्या सांगाड्याला नव्हे, थेट मागच्या चाकांच्या आसाजवळच्या भागाला जोडल्या होत्या. त्यामुळे पंखाचा दाब स्प्रिंगांना न दबवता सरळ टायरवर पोचत असे. चालकाच्या डाव्या पायाखाली एक पेडल होते. सरळ रस्त्यावर ते दाबले की पंख आडवा होऊन हवेला वाट देई. पाय काढला की आपोआप पुन्हा दाबाच्या स्थितीत येई. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या लागुना सेकाच्या शर्यतीत फिल हिलने ही गाडी पहिली आणली.

१९६८ च्या बेल्जियन ग्रां प्रीमध्ये फेरारी आणि ब्रॅबम या संघांनी फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर पंख चढवले आणि पाहता पाहता साथ पसरली. पंख उंच होत गेले, रुंद होत गेले, दांड्या बारीक होत गेल्या. जिम हॉलने वर्षे खर्चून जी जागा शोधली होती तिची नक्कल काही महिन्यांत झाली. दांडीच्या मजबुतीचे गणित करायला मात्र कुणी थांबले नाही.

बार्सिलोना, १९६९

४ मे १९६९. बार्सिलोनाच्या मोंज्युइक टेकडीवरच्या रस्त्यांवर स्पॅनिश ग्रां प्री. लोटस संघाच्या दोन गाड्या, एक ग्रॅहम हिलची, दुसरी योखेन रिंटची. त्या मार्गावर एक उंचवटा होता. तिथून जाताना गाडी क्षणभर हलकी होई आणि लगेच खाली दबे. नवव्या फेरीत हिलच्या गाडीचा मागचा पंख तिथे मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. विसाव्या फेरीत त्याच ठिकाणी रिंटचा पंख मोडला, आणि त्याची गाडी हिलच्या तिथेच पडलेल्या सांगाड्यावर जाऊन आपटली. हिल वाचला. रिंटच्या चेहऱ्याला आणि डोक्याला मार बसला.

पंख मोडतो म्हणजे नेमके काय होते, ते समजून घ्यायला हवे. वळणावर चालक ज्या वेगाने जातो तो वेग पंखाचा दाब धरूनच असतो. पंख गेला की तो दाब एका क्षणात नाहीसा होतो; वेग मात्र तेवढाच राहतो. भिंतीला टेकून उभ्या माणसाची भिंतच काढून घ्यावी, तसे.

रिंटने बरे होताना खुले पत्र लिहून पंखांवर बंदी मागितली. दोनच आठवड्यांनी मोनाकोत, सराव सुरू झाल्यावर, उंच पंखांवर बंदी आली. पंखाविना झालेली ती शर्यत ग्रॅहम हिलनेच जिंकली. मोनाकोतला त्याचा तो पाचवा विजय. नंतर पंखांना परवानगी मिळाली, पण अटींवर: पंख गाडीच्या अंगालाच घट्ट जोडलेला हवा, हलता नको, उंची आणि रुंदीला मर्यादा. आज कुठल्याही शर्यतीच्या गाडीवर आपण जो मागचा पंख पाहतो त्याची जागा मोंज्युइकच्या त्या उंचवट्यावर ठरली आहे.

रिंटच्या गोष्टीचा शेवट मन खिन्न करणारा आहे. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतल्या मोंझाच्या सरावात सरळ रस्त्यावरचा वेग वाढावा म्हणून त्याची लोटस ७२ पंख काढून चालवली जात होती. ब्रेक लावताना गाडी भरकटली आणि तो मरण पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला हे त्याचे कारण मानले जाते, पंख नसणे नव्हे. तरी मागची शेपटी नसलेली ती गाडी जोरात ब्रेक लावताना किती अस्थिर असेल, हे इब्न फिरनासची गोष्ट ठाऊक असलेल्याला सांगावे लागत नाही. त्या वर्षीचे जगज्जेतेपद रिंटला मरणोत्तर मिळाले.

हॅचबॅकची मागची काच

आतापर्यंतच्या गाड्या बुटक्या आणि उघड्या होत्या. त्यांच्या मागच्या चाकांवर हवा बऱ्यापैकी सरळ येत असे. हॅचबॅक हा वेगळाच प्राणी. १९७४ ची फोक्सवागन गोल्फ घ्या, किंवा आपल्याकडे १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० घ्या. छत लांब, मागचा भाग जणू सुरीने कापलेला.

अशा गाडीमागे हवेचे काय होते ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आलेली एस.टी. पाहा. पुढची काच त्या मानाने साफ असते आणि मागची काच धुळीने माखलेली. गाडी पुढे जात असताना धूळ मागच्या काचेवर बसते कशी? कारण छताच्या कडेवरून हवा सुटून पुढे निघून जाते. काचेच्या मागे पोकळी राहते आणि त्या पोकळीत हवा गोल गोल फिरत धूळ काचेवर आणून टाकते. म्हणूनच हॅचबॅकला मागेही वायपर देतात, आणि सेडानला तो सहसा नसतो. ही मागची हवा मेलेली हवा आहे. तिच्यात पंख टांगणे म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला पतंग उडवणे.

पण किती उतार असला की हवा सुटते आणि किती असला की काचेला चिकटून खाली येते? हा प्रश्न १९७० च्या दशकात फोक्सवागनमध्ये यान्सेन आणि हूखो या अभियंत्यांना पडला. त्यांना दिसले की मागचा उतार तीस अंशांच्या आसपास असला की हवेचा अडथळा एकदम वाढतो. आणि १९८४ मध्ये जर्मनीच्या विमान-अवकाश संशोधन संस्थेतले एस. आर. अहमद यांनी राम आणि फाल्टिन या सहकाऱ्यांसोबत त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

अहमद यांनी गाडीसुद्धा घेतली नाही. त्यांनी एक ठोकळा घेतला: लांबी १०४४ मिलिमीटर, रुंदी ३८९, उंची २८८. पुढची टोके गोल, मागच्या वरच्या कडेला एक उतार. चाके नाहीत, आरसे नाहीत, काही नाही. फक्त मागचा उतार शून्यापासून चाळीस अंशांपर्यंत पायरीपायरीने बदलत गेले आणि दर वेळी मोजत गेले. साडेबारा अंशांच्या आसपास अडथळा सर्वांत कमी निघाला. तिथून तीस अंशांपर्यंत तो वाढत गेला, कारण उताराच्या दोन्ही कडांवरून हवेचे दोन जोरदार भोवरे तयार होऊन मागे ओढ लावत होते. तीस अंश ओलांडताच भोवरे विस्कटले, हवा छताच्या कडेवरूनच सुटली आणि अडथळा झटकन उतरला.

तो ठोकळा आज जगभर ‘अहमद बॉडी’ या नावाने ओळखला जातो. गाड्यांच्या वायुगतिशास्त्राचा विद्यार्थी कुठल्याही देशात शिको, आपले गणित तपासायला तो याच ठोकळ्याकडे येतो. हे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांना आपुलकी वाटेल, मलाही वाटते. पण ते नाव ठोकळ्याला वंशामुळे मिळाले नाही, कोन बदलून बदलून मोजण्यामुळे मिळाले. इब्न फिरनासच्या संदेशाला जितके पुढे पाठवले जाते त्याच्या शंभराव्या हिश्शानेही हे नाव आपल्या घरांत माहीत नाही, याची मला खंत आहे.

एस्कॉर्टचे दोन मजले

या मोजमापाचा अर्थ शर्यतीत काय होतो ते फोर्डच्या दोन गाड्यांत नीट दिसते. पण आधी एक नियम सांगायला हवा. त्या काळच्या ‘ग्रुप ए’ गटात शर्यतीला आणायची गाडी आधी हजारोंच्या संख्येने सामान्य गिऱ्हाइकाला विकावी लागे. सुरुवातीला ५००० आणि पुढे २५००. जो पंख रस्त्यावरच्या गाडीला नाही तो शर्यतीतही नाही. म्हणून कंपन्यांनी शर्यतीसाठी लागणारे पंख बाजारात विकायला सुरुवात केली. दूध आणायला जाणाऱ्या गाडीवर पंख का, याचे उत्तर या नियमात आहे.

१९८६ ची सिएरा आरएस कॉसवर्थ ही तीन दारांची हॅचबॅक, पण तिची मागची काच लांब आणि सपाट उताराची. तिचा मोठा पंख मागच्या दारावर, काचेच्या खालच्या भागात उभा होता. १९९२ ची एस्कॉर्ट आरएस कॉसवर्थ आतून बरीचशी सिएराच, पण अंग एस्कॉर्टचे: आखूड, मागे तुटक उतरणारे. तिथे सिएराचा पंख तसाच बसवला असता तर तो मेलेल्या हवेत गेला असता. म्हणून तिला दोन मजली शेपटी मिळाली. खालची पट्टी मागच्या दाराच्या टोकावर, आणि वरचा पंख थेट छताच्या पातळीला, जिथे छतावरून सुटलेली स्वच्छ हवा त्याला भेटते.

ही शेपटी रेखाटणारा फ्रँक स्टीफन्सन हा मोरोक्कोतल्या कासाब्लांकात जन्मलेला. त्याला मुळात तीन मजले हवे होते. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिक रिश्टहोफेनच्या तीन पंखी फोकर विमानावरून त्याला ते सुचले. खर्च वाचवायला मधला मजला गळला. राहिलेल्या दोन मजल्यांनी काम भागवले. १९९४ ची मोंटे कार्लो रॅली फ्रान्स्वा देलेकूरने याच गाडीतून जिंकली.

त्याच काळातल्या इटालियन लान्सिया डेल्टा इंटिग्राले इव्होलुझिओने या पाच दारांच्या हॅचबॅकनेही तीच जागा निवडली: छताची मागची कड, आणि तिथला पंख कल बदलता येणारा. लान्सियाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे रॅलीचे जगज्जेतेपद मिळवले.

आणि बीएमडब्ल्यूची १९७३ ची ३.० सीएसएल? ती हॅचबॅक नव्हे, पण ती विसरून चालणार नाही. तिच्या छताच्या मागच्या कडेला एक छोटी कमान होती, डिक्कीवर मोठा पंख. कमानीचे काम एकच: छतावरून निघालेली हवा खाली वळवून मागच्या पंखापर्यंत पोचवणे. पंखाला हवेकडे नेता येत नसेल तर हवेला पंखाकडे आणा, हा त्यातला विचार. जर्मनीच्या रस्त्यांवर तो पंख लावायला परवानगी नव्हती, म्हणून गिऱ्हाइकाला तो डिक्कीत ठेवून दिला जाई!

कॅरियरवरची टाकी

मग हॅचबॅकचा पंख छताच्या वर आणि जितका मागे तितका चांगला, असे समजायचे का? इथे आणखी एक हिशेब आहे.

सायकलच्या कॅरियरवर, मागच्या चाकाच्याही मागे, गॅसची टाकी बांधून पाहा. हँडल हलके होते. पुढचे चाक उचलू पाहते. पंखाचेही तसेच. समजा गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर आहे आणि पंख मागच्या आसाच्या पाऊण मीटर मागे आहे. पंखाने १०० किलोचा दाब दिला तर मागच्या चाकांवर १३० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून ३० किलो कमी होतात. पंख हवेला अडवतो तेव्हा तो मागेही ओढला जातो. ती ओढ २० किलोची आणि पंख जमिनीपासून दीड मीटर उंच धरला, तर त्या ओढीने आणखी १२ किलो पुढून मागे सरकतात. हिशेब झाला मागे १४२ वाढ, पुढे ४२ घट.

बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. पुढचीच चाके वळवतात, पुढचीच ओढतात, ब्रेकचा मोठा भारही तीच सोसतात. त्यांच्यावरून ४२ किलो काढून घेणे म्हणजे घरातल्या एकुलत्या कमावत्याच्या ताटातून काढून घेणे. मग अशा गाडीला मागचा पंख का लावतात? कारण वेगवान वळणात ब्रेक लावताना या आखूड गाड्यांचे सारे वजन पुढे धावते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाजूला घसरते. पंख ती शेपूट धरून ठेवतो, आणि चालकाला पुढच्या चाकांची सारी पकड निर्धास्तपणे वापरता येते. म्हणून शर्यतीच्या हॅचबॅकवर पंख एकटा येत नाही. पुढच्या बंपरखाली स्प्लिटर नावाची आडवी पट्टी येते, पुढचा गेलेला भार परत मिळवायला. मागे किती आणि पुढे किती, याचा तोल वेगवेगळ्या वळणांवर गाडी पळवून, एकेक अंश कल बदलून साधतात.

शेवटची गोष्ट बूड. हॅचबॅकचे मागचे दार म्हणजे पत्रा, दोन बिजागऱ्या आणि एक कुलूप. १०० किलोचा दाब त्या पत्र्यावर टाकला तर पत्रा वाकतो, पंखाचा कल बदलतो, आणि मोंज्युइकची आठवण होते. शर्यतीत पंखाचे हात अशा ठिकाणी धरतात की दाब गाडीच्या मूळ सांगाड्यात उतरेल.

चाकणची पोलो आणि आपले रस्ते

हा सारा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत फोक्सवागनची पोलो बनत होती. आपल्यातल्या कित्येकांच्या भावांनी, मुलांनी त्या पट्ट्यात नोकऱ्या केल्या आहेत. त्याच पोलोच्या रॅलीसाठी बनवलेल्या भावंडाने, पोलो आर डब्ल्यूआरसीने, २०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षे जागतिक रॅलीची विजेतेपदे घेतली, चालक सेबास्तियाँ ओजिए. तिचा पंख छताच्या मागच्या कडेला उभा होता, एस्कॉर्ट आणि लान्सियाने दाखवलेल्या जागी.

आणि आपल्या रस्त्यांवर? तरुण पोरे पहिल्या पगारात हॅचबॅकवर पंख चढवून आणतात. त्यांच्या हौसेला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जो पंख ताशी १८० च्या वेगात १०० किलो दाब देतो तोच ताशी ६० ला नववा हिस्सा, म्हणजे जेमतेम ११ किलो देतो. मागच्या सीटवर ठेवलेल्या किराण्याच्या पिशवीइतका. आणि तो काचेच्या मधोमध, धुळीच्या हवेत, पत्र्याच्या दाराला दोन स्क्रूंनी अडकवलेला असेल तर तेवढाही देत नाही. त्यात धोकाही आहे. पंख आहे म्हणून गाडी रस्ता धरेल असे मानून पोरगा घाटात वेग वाढवतो, आणि ज्या भिंतीला तो टेकला आहे ती भिंत तिथे नसतेच.

पुढच्या वेळी अशी गाडी दिसली तर मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा. पंख छताच्या पातळीच्या वर आहे की खाली? तो कशाला धरून आहे? आणि मागे जेवढे दिले तेवढे पुढे काय दिले आहे? आठवीतल्या मुलांकडून मी ही उत्तरे काढून घेतली आहेत, त्यांना एस.टी.ची काच आणि सायकलचे कॅरियर पुरले.

इब्न फिरनासचा संदेश आला तर तो जरूर पुढे पाठवा. पण त्यात शेपटीची ओळ घाला. हजार वर्षांपूर्वी आपला एक माणूस उडाला, ही त्या कथेची अर्धी बाजू. तो का पडला, हे आपल्याच इतिहासकाराने न लपवता लिहून ठेवले, ही दुसरी बाजू. त्या दुसऱ्या बाजूचा वारसा अहमद यांच्या ठोकळ्यात आहे, आणि तो कुणालाही घेता येतो. त्यासाठी एक पट्टी, एक कोनमापक आणि थोडी चिकाटी लागते.